आडनावाची कारकीर्द : ‘क्वीन’ या इंग्रजी बँडविषयी

‘क्वीन’ या इंग्रजी रॉक बँडविषयी आपल्या नियतकालिकात लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. तो रास्त आहे. आपल्या जलशांचा, आपल्या शाहिरांचा, कव्वालीच्या पार्ट्यांचा इतिहास अजून धड लिहिला गेलेला नाही आणि हा मास्तर विलायतेच्या गवयांना घेऊन बसला, असे कोणी म्हटले तर मला राग येणार नाही. परंतु हा विषय मी शोधला नाही. तो माझ्या वर्गात माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

मी सोलापुरात एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. तृतीय वर्षाचा एक मुलगा तास संपल्यावर मागे थांबला. त्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी जयंतीला वाजवण्यासाठी बँड उभा केला आहे. दोन गिटारी, एक ड्रम, एक हलगी. ‘क्वीन’वर २०१८ साली निघालेला ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हा चित्रपट त्याने मोबाइलवर पाहिला होता. तो म्हणाला, “सर, ह्यो आपल्या पाचगणीत शिकला म्हणं. पारशी हुता. मग नाव का बदललं त्यानं?” मी काहीतरी उत्तर दिले. इंग्रज श्रोत्यांना सोपे जावे म्हणून, वगैरे. मुलगा मान हलवून गेला. उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते, आणि अपुरे का होते ते मला पक्के ठाऊक होते. कारण माझेही आडनाव माझ्या आजोबांचे नाही.

आधी ‘बँड’ या शब्दाविषयी. आमच्या घरात हा शब्द करमणुकीचा नव्हता, पोटाचा होता. आम्ही होलार. गावगाड्यात सनई, सूर, हलगी हे आमच्या वाट्याला आलेले काम. आजोबा पंढरपूर भागातल्या एका खेड्यात लग्नात आणि जत्रेत सनई फुंकत. वडील सोलापुरात आले आणि लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवू लागले. लाल कोट, खांद्यावर पिवळी झालर, डोक्यावर टोपी. कोट पार्टीच्या मालकाचा, घाम आमचा. वरात दारात पोचेपर्यंत बँडवाल्यांशिवाय कोणाचे पान हलत नसे, आणि मांडवात पंगत बसली की बँडवाले मांडवाच्या मागे, आचाऱ्याच्या चुलीजवळ, शेवटच्या पंगतीनंतर. एका लग्नात वडिलांबरोबर मी होतो, सात-आठ वर्षांचा. भूक लागली म्हणून मधल्या पंगतीत जाऊन बसलो. एका गृहस्थाने दंडाला धरून उठवले. मारले नाही, शिवीही दिली नाही. “वाजंत्र्याचं पोरगं हाय, मागं बसव,” एवढेच बोलला. त्या घराचे नाव मला आठवते, पण येथे लिहिण्याची गरज नाही. ते घर कोठेही असू शकते.

सोलापूरच्या जाधव घराण्याने ‘सुंदरी’ हे सनईच्या जातीचे छोटे वाद्य मैफलीत नेऊन बसवले, हे मला माहीत आहे आणि त्याचा अभिमानही आहे. परंतु मैफलीत जाणारा एक आणि मांडवामागे जेवणारे शंभर, हे प्रमाण ध्यानात ठेवूनच कलेविषयी बोलले पाहिजे.

आता फारूख बुलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. वडील बोमी बुलसारा ब्रिटिश वसाहतीच्या सरकारी कचेरीत रोखपाल. घराणे मूळचे गुजरातेतल्या बलसाडचे, त्यावरून आडनाव. वयाच्या आठव्या वर्षी मुलाला आगबोटीने भारतात पाठवले आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स या इंग्रजी वसतिशाळेत घातले. तेथे तो पियानो शिकला, ‘फ्रेडी’ झाला, आणि १९५८ साली शाळेतल्या चार मित्रांबरोबर त्याने ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. अमेरिकेतल्या काळ्या गायकांची, लिटल रिचर्डसारख्यांची गाणी ही पोरे वाजवत.

१९५८ या सालापाशी मी थोडा थांबतो. त्याच साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि अण्णा भाऊ साठे उद्घाटनाला उभे राहिले. त्याच्या दोनच वर्षे आधी नागपूरला धर्मांतर झाले होते. सातारा जिल्ह्यातल्या टेकडीवर, चुन्याने रंगवलेल्या भिंतींच्या आत, पाच पोरे अमेरिकेतल्या गुलामांच्या नातवंडांचे संगीत वाजवत होती. आणि त्याच्या जन्मावेळी त्याच जिल्ह्यात असलेल्या वाटेगावात जन्मलेला एक माणूस मुंबईत सांगत होता की हे जग कष्टकऱ्याच्या तळहातावर उभे आहे. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पाचगणीच्या त्या मुलांना अण्णा भाऊंचे नाव ऐकून ठाऊक असण्याचेही कारण नाही. संबंध नाही हीच ध्यानात घेण्याची गोष्ट आहे. पाचगणीशी आपल्या लोकांचे नाते स्ट्रॉबेरी खुडण्याचे, सहलीच्या मोटारी धुण्याचे. म्हणून येथेच स्पष्ट करतो : फारूख बुलसारा दलित नव्हता. तो वसाहतीच्या राज्यकर्त्यांच्या सावलीत सुखाने राहणाऱ्या, शिकलेल्या, अल्पसंख्य समाजातला मुलगा होता. त्याला ‘आपला’ म्हणण्याची घाई मी करणार नाही. प्रत्येक दुखावलेल्या माणसाला दलित म्हणून टाकण्याची आपल्याकडे एक सवय पडली आहे. तिने दलित या शब्दाची धार जाते.

मग साम्य कोठे आहे? ते १९६४ पासून सुरू होते. जानेवारी १९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली, अरब सुलतानाचे राज्य गेले, आणि अरबांबरोबर आशियाई वस्तीवरही संकट आले. बुलसारा कुटुंब इंग्लंडला आले. लंडनच्या पश्चिमेला फेल्टम येथे राहिले. काल जो गोऱ्या साहेबाच्या कचेरीतला माणूस होता तो आज गोऱ्या साहेबाच्या देशातला ‘पाकी’ झाला. आशियातून आलेल्या प्रत्येक सावळ्या माणसाला तेव्हा हीच शिवी होती. तो पारशी की मुसलमान, झांझिबारचा की सिल्हेटचा, हे विचारण्याची गरज कोणाला वाटत नसे. जातीची शिवी अशीच चालते. तीत माणसाचा पत्ता नसतो, फक्त त्याची पायरी असते. मुलगा ईलिंगच्या कला महाविद्यालयात रेखांकन शिकला, विमानतळावर सामान उचलले, केन्सिंग्टनच्या बाजारात जुने कपडे विकले. १९७० मध्ये ब्रायन मे हा गिटारवादक आणि रॉजर टेलर हा ड्रमवादक यांच्याबरोबर तो उभा राहिला. १९७१ मध्ये जॉन डीकन आला आणि चौघे पुरे झाले. बँडचे ‘क्वीन’ हे नाव त्यानेच सुचवले आणि त्याच सुमारास स्वतःचे आडनाव मर्क्युरी केले.

नाव बदलणे म्हणजे पळ काढणे, असे मानणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मी तसे मानत नाही. जे नाव दुसऱ्याने हिणवण्यासाठी दिले ते टाकण्याचा हक्क माणसाला आहे. १९५६ साली लाखो माणसांनी जे टाकले त्यात देव होते, तशीच नावेही होती. धोंड्या, कचरू, दगडू यांच्या घरी मिलिंद आणि राहुल जन्मले. आमच्या जिल्ह्यातल्या बार्शीचा मेहबूब हुसेन पटेल हा गिरणी कामगार ‘अमर शेख’ झाला. त्याने नाव बदलले पण ‘शेख’ उघडा ठेवला, आणि त्या नावाने संयुक्त महाराष्ट्राची मैदाने हालवली. म्हणजे नाव बदलण्याचे दोन प्रकार दिसतात. एकात माणूस चव्हाट्यावर उभा राहून सांगतो की कालपर्यंत मी हा होतो, आजपासून हा आहे. दुसऱ्यात तो गुपचूप दार लावून घेतो. पहिल्यात जुने नाव पुरावा म्हणून शिल्लक राहते, दुसऱ्यात ते भीती म्हणून.

माझे आडनाव दुसऱ्या प्रकारचे. शाळेत घालताना वडिलांना कोणीतरी सल्ला दिला की गावाच्या नावाला ‘कर’ लावा, पोराला पुढे बरे पडेल. बरे पडले. भाड्याची खोली मिळाली. प्राध्यापकांच्या खोलीत पहिले वर्षभर मला कोणी काही विचारले नाही. नंतर एका सहकाऱ्याने चहा ढवळत विचारले, “तुम्ही मूळचे कुठले? म्हणजे गाव कळलं, पण मूळचे?” त्या ‘मूळचे’मध्ये सगळे आले. मी सांगितले. चहा संपला. त्यानंतरच्या त्याच्या वागण्यात बोट ठेवावे असे काही नाही. पण तेव्हापासून तो माझ्या डब्यातली भाजी घेत नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. वर्षभर मी जो सुखाने राहिलो तो कोणाच्या नावावर, हा प्रश्न मला पडला, आणि म्हणून मर्क्युरीच्या बाबतीत मी न्यायाधीश होऊ शकत नाही.

त्याच्या कलेकडे पाहिले तर हे दार लावणे तेथेही ऐकू येते. ‘क्वीन’चे पहिले दोन संग्रह १९७३ आणि १९७४ चे. त्यांतली त्याची गाणी पऱ्या, राजे, राक्षस आणि ‘ऱ्हाय’ नावाच्या एका कल्पित राज्याविषयी आहेत. त्या काळच्या इंग्रज समीक्षकांनी याला पोरकटपणा म्हटले. आपल्या बांधिलकीच्या मापाने मोजले तर मीही तेच म्हणावे अशी अपेक्षा असेल. वास्तव कोठे आहे, फेल्टमची गल्ली कोठे आहे, विमानतळावरचे ओझे कोठे आहे? नाही. पण ज्याचे जन्मगाव गेले, ज्याची शाळा सात समुद्रांपलीकडे राहिली आणि ज्याला नव्या गावात शिवीशिवाय नाव नाही, तो चौथे गाव मनात बांधतो, हे मला समजते. समजते म्हणजे पटते असे नाही. कल्पनेतल्या राज्यात राजा होणे सोपे; तेथे वेठ कोण करतो हे विचारावे लागत नाही.

१९७५ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’त मात्र काहीतरी फुटून बाहेर येते. सहा मिनिटांना पाच सेकंद कमी एवढे लांब गाणे. आकाशवाणीवर ते कोणी लावणार नाही असे कंपनीला वाटत होते. ते इंग्लंडात नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. आईला दिलेली कबुली, खून, मधेच ऑपेराचा खटला, शेवटी बेफिकिरी. त्याचा अर्थ त्याने कधी सांगितला नाही. त्या खटल्याच्या गदारोळात अचानक ‘बिस्मिल्ला’ हा शब्द येतो. जाणकार म्हणतात, नादासाठी घातला. असेलही. पण झांझिबारच्या गल्लीत पहाटेची बांग ऐकत वाढलेल्या पोराच्या तोंडून, ज्या क्षणी गाण्यातला माणूस ‘मला सोडा’ म्हणून आरडतो आहे त्याच क्षणी तो शब्द यावा, हा निव्वळ नादाचा योगायोग मानायला मी तयार नाही. १९७८ मध्ये ‘मुस्तफा’ हे गाणे त्याने केले. तेही अरबी वळणाच्या शब्दांचे, थट्टेच्या सुरात. पुढच्या दाराला कुलूप घातले की माणूस असा परसदारातून घरी येतो. थट्टा करत येतो, म्हणजे कोणी ओळखले तर हसून नेता येते. आपल्या पहिल्या पिढीच्या शिकलेल्यांच्या बोलण्यातही गावची बोली अशीच येते, विनोद म्हणून.

येथे ब्रायन मे याच्याविषयी दोन शब्द. त्याची गिटार दुकानातली नव्हे. १९६३ पासून त्याने आणि त्याच्या वडिलांनी ती घरी बनवली. मानेला एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरले. पुढे तो खगोलशास्त्रात पीएच. डी. झाला, तीही २००७ साली, साठीला टेकल्यावर. हे मी वडिलांना सांगितले तेव्हा त्यांना डॉक्टरकीचे काही वाटले नाही. गिटारीचे वाटले. “बापानं करून दिली?” त्यांनी दोनदा विचारले. आमच्या घरची हलगी आजोबांनी स्वतः मढवलेली होती, कडे तापवून, कातडे भिजवून. फरक असा की मेच्या गिटारीला आज संग्रहालयातली वस्तू म्हणून मान आहे, आणि आजोबांच्या हलगीला विटाळ होता. वाजवायला चालत होती, शिवायला नाही.

त्याच मे याने १९७७ मध्ये ‘वुई विल रॉक यू’ लिहिले. इंग्लंडातल्या एका सभागृहात कार्यक्रम संपल्यावरही लोक उठेनात, स्वतःच गात राहिले. श्रोत्यांना नुसते ऐकायला न लावता वाजवायला लावावे, असे त्याला तेव्हा वाटले. दोनदा पाय आपटायचा, एकदा टाळी. एका जुन्या चर्चमधल्या ध्वनिमुद्रणगृहात फळ्यांवर पाय आपटून तो ठेका घेतला. त्यात ड्रम नाही. मी ते वडिलांना ऐकवले. त्यांनी डोळे मिटले, मग बोटाने टेबलावर चौथी मात्रा भरली. “हितं जागा सोडलीया,” म्हणाले, “बघणाऱ्यानं भरावी म्हणून.” इंग्रजी संगीतावरची डझनभर पुस्तके चाळूनही हे वाक्य मला कोठे मिळाले नव्हते. हलगीचा ठेका गावाला चालवतो पण गाव हलगीला हात लावत नाही. येथे लाखभर माणसे तोच ठेका अंगाने वाजवतात, वाजवणारा आणि ऐकणारा यांतली रेघ पुसते. रॉक संगीताने जगाला काही दिले असेल तर माझ्या मते हे.

मग वडिलांनी विचारले, “वाटणी कशी हुती?” त्यांच्या पार्टीत मालकाचे दोन हिस्से, क्लॅरिनेटचा सव्वा, झांजेवाल्याचा पाऊण. मी सांगितले. ‘क्वीन’ची गाणी रेडिओवर गाजत असताना त्यांची पहिली व्यवस्थापन कंपनी चौघांना आठवड्याला ६० पौंड देत होती, वकील लावून १९७५ मध्ये ते सुटले. पुढे भांडण आपसातले. ज्याच्या नावावर गाणे त्याला पैसा, आणि गाजलेल्या तबकडीच्या पाठीमागचे गाणेही तेवढाच पैसा मिळवते, म्हणून पाठीमागे कोणाचे गाणे यावरून रुसवे. चौघांनीही गाजलेली गाणी लिहिली, त्यामुळे वाद टिकून राहिला. १९८९ च्या ‘द मिरॅकल’ या संग्रहापासून त्यांनी सगळ्या गाण्यांवर चौघांचे मिळून एकच नाव घालायचे ठरवले. तेव्हा मर्क्युरीला आपल्या दुखण्याचे कळून चुकले होते. वडील म्हणाले, “उशिरा सुचलं.”

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख मुळात लिहावासा वाटला तिच्याकडे येतो. ऑक्टोबर १९८४ मध्ये ‘क्वीन’ दक्षिण आफ्रिकेतल्या सन सिटी येथे गाण्यासाठी गेले.

सन सिटी कोठे होती ते पाहिले पाहिजे. वर्णद्वेषी सरकारने काळ्या माणसांना देशाच्या कडेच्या नापीक तुकड्यांत ढकलले आणि त्या तुकड्यांना ‘स्वतंत्र राष्ट्र’ म्हणून जाहीर केले. बोफुथात्स्वाना हे त्यातले एक, १९७७ चे. झेंडा वेगळा, राष्ट्रगीत वेगळे. दक्षिण आफ्रिका आणि तिचेच असे दुसरे तुकडे सोडले तर जगातल्या एकाही देशाने त्याला मान्यता दिली नाही. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. गावकुसाबाहेरच्या वस्तीला झेंडा देऊन ‘आता हे तुमचे वेगळे गाव’ म्हणावे, आणि त्यामुळे गावात तुमचा हक्क संपला असे ठरवावे, तसे ते होते. त्या वस्तीत गोऱ्यांच्या चैनीसाठी जुगारघर आणि नाट्यगृह बांधले, ते सन सिटी. तेथे गाऊ नये असा संयुक्त राष्ट्रांचा बहिष्कार होता, इंग्लंडातल्या वादकांच्या संघटनेचीही बंदी होती. काळही पाहा. ३ सप्टेंबर १९८४ ला व्हाल भागातल्या काळ्या वस्त्यांत भाडेवाढीविरुद्ध उठाव झाला आणि गोळ्या चालल्या. ऑक्टोबरमध्येच डेस्मंड टुटू यांना शांततेचे नोबेल जाहीर झाले. आणि त्याच ऑक्टोबरात हे चौघे तेथे होते. मर्क्युरीचा घसा बसला म्हणून काही कार्यक्रम रद्द करावे लागले. विवेकाने रद्द झालेला एकही नाही.

परत आल्यावर वादकांच्या संघटनेने दंड केला, संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीत नाव लागले. त्यांचा बचाव असा की आम्ही राजकारणी नाही, आम्ही ज्याला ऐकायचे आहे त्याच्यासाठी गातो. शिवाय तेथल्या मूकबधिर आणि अंध मुलांच्या एका शाळेला आम्ही मदत केली. मदत केली हे खरे आहे. पण हा बचाव आपल्या ओळखीचा नाही का? ‘आम्ही जात मानत नाही, आम्ही फक्त साहित्य पाहतो’ असे म्हणणारे सद्गृहस्थ मराठी साहित्यात कमी झालेले नाहीत. जात न मानणे ही चैन त्याला परवडते ज्याला जात आडवी येत नाही. आणि धर्मादाय शाळेने पंगतीचा प्रश्न सुटत नाही.

बाकीच्या तिघांना मी एका वाक्यात सोडून देतो. ते गोरे होते, अजाण होते म्हणा, लोभी म्हणा. मर्क्युरीला मी तसे सोडू शकत नाही. जोहान्सबर्गमध्ये एखादे बुलसारा कुटुंब तेव्हा राहत असते तर कायद्याने ते ‘आशियाई’ ठरले असते. वस्त्यांच्या विभागणीचा जो कायदा १९५० पासून होता, त्याने त्यांना गोऱ्यांच्या भागात घर घेता आले नसते. बुलसाराला जी हद्द ओलांडता आली नसती ती मर्क्युरीने विमानाने ओलांडली, आणि खाली पाहिले नाही. येथे नाव बदलण्याची किंमत दिसते. लपवलेले नाव माणसाला वाचवते, पण हळूहळू ते नाव बाळगणाऱ्या इतर माणसांना पाहण्याची नजरही घेऊन जाते. त्या वर्षभरात मी वर्गात जातीवरचा एकही धडा मनापासून शिकवला नव्हता, हे मला नंतर कळले.

पुढच्या वर्षी, १९८५ मध्ये, स्टीव्हन व्हॅन झांट या अमेरिकन गिटारवाल्याने गोरे-काळे अनेक गायक जमवून ‘सन सिटी’ याच नावाचे गाणे केले. तेथे आम्ही गाणार नाही, अशी ती जाहीर शपथ होती. म्हणजे त्या काळी कळणे अशक्य होते असे कोणी म्हणू नये.

त्याच वर्षी १३ जुलैला लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर इथिओपियाच्या दुष्काळासाठी ‘लाइव्ह एड’ झाले. ‘क्वीन’ची वीसेक मिनिटे त्या दिवशी सगळ्यांवर भारी पडली. मी ती चित्रफीत अनेकदा पाहिली आहे. एका माणसाने हाताच्या इशाऱ्यावर अख्खे मैदान एका गळ्याने गायला लावणे, ही ताकद मी फक्त आपल्या शाहिरांविषयी ऐकली होती. कला म्हणून तो त्यांचा कळस आहे यात वाद नाही. पण २०१८ चा चित्रपट याच दिवशी संपतो, आणि सन सिटीचे नावही घेत नाही. एवढेच नव्हे, मर्क्युरीला एड्सचे निदान त्या दिवसाच्या आधी झाल्याचे दाखवतो; चरित्रकारांच्या मते ते १९८७ च्या सुमाराचे आहे. आफ्रिकेसाठी गायलेला दिवस ठेवला, आफ्रिकेविरुद्ध गायलेले दिवस गाळले. उपाशी आफ्रिकन चालतो. हक्क मागणारा आफ्रिकन पटकथेत बसत नाही.

त्या मुलाचा प्रश्न चित्रपट पाहून का उरला, ते मला चित्रपट पाहिल्यावर उमगले. त्यात शिवी आहे, नाव बदलणे आहे, बापाचा रुसवा आहे, पण पाचगणीचे एकही दृश्य नाही.

शेवटची वर्षे लपवण्याचीच. १९८६ च्या ९ ऑगस्टला नेबवर्थला शेवटचा जाहीर कार्यक्रम झाला. मग गाणी होत राहिली, माणूस दिसेनासा झाला. इंग्रजी वर्तमानपत्रे त्याच्या दारात बसून होती. एड्सकडे तेव्हा रोग म्हणून कोणी पाहत नव्हते, पाप म्हणून पाहत होते. रोग्याचा पेला वेगळा, चादर वेगळी. याला आपल्याकडे एक जुना शब्द आहे. २३ नोव्हेंबर १९९१ ला त्याने आजार असल्याचे जाहीर केले आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. वय पंचेचाळीस. आयुष्यभर ज्याने आईबापाचा धर्म मुलाखतीत टाळला त्याच्या देहावर लंडनमध्ये पारशी दस्तुरांनी प्रार्थना म्हटल्या. आईबाप समोर होते. चितेपुढे तो पुन्हा फारूख बुलसारा झाला. याचा अर्थ काढण्याचा मोह मी टाळतो, कारण मेलेल्या माणसाला कोणत्या नावाने हाक मारायची हे नेहमी जिवंत ठरवतात.

बाकीच्यांनी १९९२ च्या एप्रिलमध्ये वेम्ब्लीवर त्याच्या नावाने कार्यक्रम करून एड्सविरुद्ध काम उभे केले. २००३ साली केपटाऊनला नेल्सन मंडेलांच्या तुरुंगातल्या क्रमांकाच्या नावाने, ४६६६४, मोठा कार्यक्रम झाला. त्यात मे आणि टेलर वाजवायला होते. एकोणीस वर्षांनी. पाप धुतले गेले की नाही हे मंडेलांनी विचारले नाही, मीही विचारत नाही; पण गेले ते बरे केले. डीकन १९९७ पासून घरी बसला आहे आणि बँडचे नाव इतर गायकांना घेऊन चालू आहे. त्या भागाविषयी मला सांगण्यासारखे काही नाही.

हे सगळे मी त्या मुलाला एका संध्याकाळी महाविद्यालयाच्या पायऱ्यांवर बसून सांगितले. त्याने चेन्नईच्या ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ची गाणी ऐकली होती. २०१८ च्या जानेवारीत पहिल्यांदा मंचावर आलेला हा बँड आपल्या नावातच जात आणून उभा राहतो. तो म्हणाला, “त्यांनी नावातच सांगून टाकलं, सर. आमचं काय करायचं?” मी म्हणालो, ते तुम्ही ठरवा. माझे आडनाव मी त्या संध्याकाळी त्याला सांगितले, आजोबांचे. त्याने दोनदा उच्चारून पाहिले.

गेल्या आठवड्यात तो जयंतीच्या कार्यक्रमाच्या फलकाचा कच्चा नमुना घेऊन आला. चौघांची नावे आहेत. आडनाव फक्त हलगीवाल्याने लिहिले आहे. गिटारीवाले दोघे आणि ड्रमवाला यांच्या नावापुढे पेन्सिलीने रिकामी जागा सोडली आहे. छापायला अजून दहा दिवस आहेत.